मळखाऊ रंग

गेल्या दिवाळीच्या आधी घराची झाडलोट चालू असताना आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी बैठकीच्या खोलीतली तसबीर उतरवली, ओल्या फडक्याने काच पुसली आणि ती पुन्हा खिळ्याला अडकवण्याऐवजी दोन्ही हातांत धरून त्या काही वेळ तशाच उभ्या राहिल्या. मी टेबलापाशी बसून काहीतरी लिहीत होते. "ताई, ह्यो कोण म्हनायचा?" त्यांनी विचारले. मी सांगितले की हा हुक्काबरदार आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या कलकत्त्यात साहेब लोकांच्या घरी केवळ हुक्क्याची व्यवस्था पाहण्यासाठी असा एक स्वतंत्र नोकर असे. मावशींनी तसबीर खिडकीच्या उजेडाकडे थोडी कलती केली. "चाकर हाय, तर मग ह्याचं पाय बघा की. दिसभर मालकाच्या मागं हिंडणाऱ्याचं पाय असं असत्यात व्हय? पायाला धूळ न्हाई, कापडाला डाग न्हाई." एवढे बोलून त्यांनी तसबीर जागेवर लावली, किंचित वाकडी झाली होती ती बोटाने सरळ केली आणि त्या पंख्याची पाती पुसायला वळल्या. माझे लिहिणे मात्र तिथेच थांबले.

ते चित्र माझ्याकडे दहा-बारा वर्षे आहे. जुन्या छापील चित्रांच्या प्रती विकणाऱ्या एका दुकानात ते मिळाले होते आणि दुकानदाराने कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीने ‘सोल्विन्स, कलकत्ता’ एवढेच लिहून दिले होते. फ्रान्स्वा बाल्ताझार सोल्विन्स हे नाव मी चित्रकला शिकत असल्यापासून ऐकून होते, त्यामुळे त्या अक्षरांवर मी विश्वास ठेवला. खरे सांगायचे तर ते चित्र मी नावासाठी घेतले नव्हते, रंगांसाठी घेतले होते. पहाटेसारखे निवळ आकाश, दुधात भिजवून काढल्यासारखा पांढरा पोशाख, कमरेच्या शेल्यावर लालसर झाक. पावसाळ्यात बैठकीची खोली कोंदट आणि अंधारी होते तेव्हाही ती एवढी जागा उजळलेली राही. येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्याचे कौतुक केले होते. इतक्या वर्षांत त्या माणसाच्या पायांकडे मी एकदाही पाहिले नव्हते.

हुक्काबरदाराचे काम हलके नव्हते. तंबाखू गूळ आणि मसाला घालून कालवायचा, गुल पेटवून त्यावरची राख फुंकत राहायचे, भांड्यातले पाणी बदलायचे, लांबलचक नळी धुऊन गुंडाळायची, आणि साहेब जेवायला दुसऱ्याच्या घरी गेला की हे सगळे लटांबर सावरत त्याच्या मागोमाग चालायचे. जेवण आटोपेपर्यंत साहेबाच्या खुर्चीमागे उभे राहायचे, चिलमीतला विस्तव विझू द्यायचा नाही. वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्या पत्नीने १७७९ च्या ऑक्टोबरात दिलेल्या एका संगीत-मेजवानीचे निमंत्रण प्रसिद्ध आहे. त्यात पाहुण्याला विनंती केली आहे की हुक्काबरदाराखेरीज दुसरा कोणताही नोकर सोबत आणू नये. बाकी सारे चाकर दाराबाहेर राहिले तरी चालतील, पण याच्यावाचून चालणार नाही, इतका हा माणूस साहेबाच्या श्वासाला बांधलेला होता.

आणि त्याच्या पायाला धूळ नाही.

सोल्विन्स मूळचा आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पचा. जन्म १७६० चा. नदीकाठच्या त्या बंदरात वाढलेला मुलगा गलबतांची आणि धक्क्यांची चित्रे काढू लागला यात नवल नाही. पुढे युरोपात राजकीय उलथापालथ सुरू झाली, त्याचे बस्तान डळमळले, आणि १७९१ साली तो नशीब काढायला कलकत्त्यात उतरला. कंपनीच्या अंमलदारांची आणि त्यांच्या बायकामुलांची तैलचित्रे रंगवून पैसा करण्याचे ते दिवस होते, पण ते भाग्य त्याच्या वाट्याला आले नाही. त्याने मिळेल ते काम केले. जुनी तैलचित्रे साफ करून दिली, घोडागाड्या आणि पालख्या रंगवल्या, समारंभांची सजावट केली, हौशी लोकांना रंग आणि खडू वापरायला शिकवले. पालखी रंगवणाऱ्याला पालखी वाहणारे भोई जवळून दिसत असणार. दांडीने घट्टे पडलेले खांदे, ओझे उतरवल्यावर भिंतीला टेकून बसण्याची त्यांची रीत, हे त्याला आपोआप पाहायला मिळाले असणार. दिवाणखान्यातल्या खुर्चीवर बसवून ज्यांची चित्रे काढली जात ते लोक त्याला मिळाले नाहीत, आणि म्हणून त्या खुर्चीच्या मागे उभी असलेली माणसे त्याच्या नजरेत भरली, असे मला वाटते.

संस्कृतचे अभ्यासक आणि एशियाटिक सोसायटीचे संस्थापक सर विल्यम जोन्स यांच्या विद्याव्यासंगाने कलकत्ता तेव्हा भारलेले होते. त्यांच्या प्रेरणेने सोल्विन्सने एक अचाट बेत आखला. बंगालमधल्या लोकांचे जातीधंदे, पोशाख, वाहने, होड्या, हुक्के, फकीर, वाद्ये आणि सणउत्सव यांची अडीचशे रंगीत एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेली चित्रे, करायची. वर्गणीदार मिळावेत म्हणून त्याने जाहिरात दिली. १७९६ मध्ये थोड्या प्रती निघाल्या, १७९९ मध्ये त्याहून जास्त. संग्रहाचे बारा भाग होते; पहिल्यातच सहासष्ट चित्रे जाती आणि त्यांच्या व्यवसायांची, आणि त्यानंतर पस्तीस चित्रे नोकरचाकरांची. पुस्तकाच्या नावात हिंदू हा शब्द असला तरी नोकरांच्या आणि फकिरांच्या चित्रांत मुसलमानही आहेत. मराठी माणसाच्या मनात त्या कलकत्त्याविषयी एक वेगळी बोच असते. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या धास्तीने १७४२ मध्ये त्या शहराभोवती खणलेली मराठा खाई सोल्विन्स तिथे राहत होता तेव्हा अजून होती, आणि ज्या वर्षी त्याचा संग्रह दुसऱ्यांदा निघाला त्याच १७९९ साली ती बुजवून तिच्यावरून सर्क्युलर रोड नेण्याचे काम सुरू झाले. त्याच्या चित्रांतल्या विणकराच्या किंवा कुंभाराच्या आजोबांनी बर्गींच्या, म्हणजे लुटालूट करणाऱ्या मराठा स्वारांच्या, भीतीने घरदार सोडून पळ काढलेला असू शकतो, हा विचार ती चित्रे पाहताना माझ्या मनातून जात नाही.

एचिंग म्हणजे काय ते मी हातांनी शिकले आहे, म्हणून अडीचशे या आकड्याने माझ्या छातीत धस्स होते. कॉलेजात असताना आम्ही तांब्याचा पत्रा आणायला पुण्याच्या तांबट आळीत जात असू. दोन्ही बाजूंच्या घरांतून मठारकामाचा ठणठणाट चालू असे, आणि त्या आवाजात भाव विचारायचा तर ओरडावे लागे. पत्रा आणला की आधी कानशीने त्याच्या कडा तिरक्या घासायच्या, नाहीतर दाबाखाली कागद फाटतो. मग बारीक पॉलिश पेपरने तो इतका घासायचा की त्यात आपला चेहरा दिसावा. पत्रा तापवून त्यावर मेणाचा पातळ लेप पसरायचा, मेणबत्तीच्या काजळीने तो काळा करायचा आणि त्या काळ्या पृष्ठावर सुईने रेघ ओढायची. जिथे रेघ, तिथे खालचे लालसर तांबे चमकते. नंतर पत्रा नायट्रिक आम्लात सोडायचा. उघड्या रेघांवर बुडबुड्यांची बारीक माळ उठते, द्रावण हळूहळू निळसर हिरवे होत जाते, घशात खवखव सुरू होते. बुडबुडे एका जागी साचले तर रेघ वेडीवाकडी खाल्ली जाते, म्हणून पक्ष्याच्या पिसाने ते अलगद बाजूला सारावे लागतात. पत्रा किती वेळ आम्लात ठेवायचा याचे कोष्टक फळ्यावर लिहिलेले असे, पण उन्हाळ्यात ते कधीच बरोबर ठरत नसे. गरम हवेत आम्ल भराभर खाते. कलकत्त्याच्या उकाड्यात सोल्विन्सचे किती पत्रे वाया गेले असतील, हा माझ्या मनात येणारा पहिला प्रश्न असतो.

आणि खरी परीक्षा पुसण्याची असते. रेघांत शाई दाबून भरल्यावर वरची जादा शाई ताठ जाळीदार कापडाच्या बोळ्याने गोल गोल पुसायची आणि शेवटचा हात उघड्या तळव्याने फिरवायचा. कमी पुसले तर सगळे चित्र काळवंडते, जास्त पुसले तर रेघांतली शाईच निघून येते. तळव्याच्या रेषांत बसलेली ती शाई रॉकेलने धुतली तरी आठवडाभर जात नाही. एकदा आई माझे हात पाहून म्हणाली होती, "हे हात घेऊन कुणाच्या लग्नाला जाऊ नकोस." ओला कागद पत्र्यावर ठेवून त्यावर लोकरीचे जाड कापड घालून प्रेसच्या रुळांतून फिरवले की एक छाप निघतो. दुसऱ्या छापासाठी पुन्हा शाई, पुन्हा पुसणे. सोल्विन्सच्या संग्रहात यानंतर आणखी एक काम होते: छाप वाळला की त्यावर हाताने, कुंचल्याने पाण्यातले रंग भरायचे. अडीचशे पत्रे, प्रत्येकाच्या कितीतरी प्रती, आणि प्रत्येक प्रतीवर पुन्हा रंगकाम.

एचिंगवर रंग भरणे जोखमीचे असते. खाली काळ्या किंवा तपकिरी रेघांची दाट वीण असते आणि वरून दिलेला पातळ रंग त्या रेघांना झाकू शकत नाही. रेघ रंगातून वर येते आणि रंगाला आपल्याकडे ओढते. पिवळा मातकट होतो, निळा राखाडीकडे झुकतो, पांढरा तर राहतच नाही. मी एकदा मंडईतल्या एका भाजीवाल्या बाईचे एचिंग केले होते आणि मोठ्या उमेदीने तिच्या लुगड्यावर हिरवा रंग चढवला होता. आमचे सर ते हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले आणि एवढेच म्हणाले, "रंग मळला." मी ते चित्र फाडून टाकले. आज त्याचे फार वाईट वाटते, कारण त्या बाईचे लुगडे खरोखरच त्याच रंगाचे होते.

मळखाऊ हा शब्द मी आईकडून शिकले. दर वर्षी शाळा सुरू होण्याआधी लक्ष्मी रोडवर कापड घ्यायला गेलो की मी पिवळ्या किंवा आकाशी ठाणावर बोट ठेवत असे आणि आई दुकानदाराला म्हणत असे, "काहीतरी मळखाऊ दाखवा." मग तपकिरी, गडद जांभळे, करडे, मेंदीच्या रंगाचे असे तागे पुढ्यात उलगडले जात. मला त्या शब्दाचा राग येत असे. स्वतः आईच्या रोजच्या साड्याही त्याच रंगांच्या होत्या. एक मोतिया रंगाची साडी कपाटात कागदात गुंडाळून ठेवलेली असे, आणि ती नेसली की आई स्वयंपाकघरात शिरत नसे. मळ दिसू न देणारा रंग आणि मळ सोसणारा रंग हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत हे मला फार उशिरा कळले. ज्यांना दिवसभर राबायचे असते त्यांच्या अंगावर हेच रंग असतात, आणि धुऊन धुऊन ते शेवटी मातीच्याच जवळ जातात.

मावशींच्या त्या बोलण्यानंतर मी रात्री संगणक उघडला आणि एका परदेशी ग्रंथालयाने सर्वांसाठी खुल्या केलेल्या पानांमध्ये १७९९ चा हुक्काबरदार शोधून काढला. तो समोर आला तेव्हा पहिल्यांदा मन खट्टू झाले. मला माहीत असलेला उजेड त्यात कुठेच नव्हता. आकाश जड, जमीन तपकिरी, माणसाचा पोशाख पांढरा म्हणण्यापेक्षा धुवट आणि सावलीत बुडालेला. मग मी चित्र मोठे करत करत पायांपर्यंत गेले. सुईच्या आडव्या-उभ्या रेघा घोट्यांवरून खाली उतरत होत्या आणि तशाच पुढे जमिनीत शिरत होत्या. पाय कुठे संपतो आणि माती कुठे सुरू होते हे सांगता येऊ नये अशी ती जागा होती. मी खुर्चीत मागे रेलले. भिंतीवरच्या माझ्या माणसाचे पाय कागदावर ठेवल्यासारखे होते. हा मनुष्य मात्र जमिनीवर उभा होता.

माझ्या भिंतीवरचे चित्र सोल्विन्सचे नव्हतेच. एडवर्ड ऑर्म नावाच्या लंडनच्या प्रकाशकाने १८०४-०५ च्या सुमारास सोल्विन्सच्या संग्रहातली साठ चित्रे उचलली, ती नव्याने रेखाटून घेतली, त्यांत प्रसन्न आणि ताजे रंग भरले आणि हिंदुस्थानातल्या वेषभूषेचे देखणे पुस्तक म्हणून बाजारात आणले. मूळ कलाकाराची परवानगी त्याला नव्हती. विलायतेतल्या श्रीमंत घरांना हिंदुस्थान हवा होता, पण तो चहाच्या टेबलावर शोभेल असा हवा होता, आणि ऑर्मने तो तसा दिला. १८०७ मध्ये तेच पुस्तक पुन्हा निघाले. सोल्विन्सच्या कलकत्त्यातल्या संग्रहाला मात्र गिऱ्हाईक मिळाले नव्हते. चित्रे ओबडधोबड आहेत, रंग उदास आहेत, ही त्याच्याविषयीची तक्रार तेव्हापासून आजपर्यंत लिहिली जाते आणि ती अगदीच खोटी नाही. त्याची माणसे कधी कधी ताठरलेली वाटतात, हातांची लांबी चुकते, चेहऱ्यांत फरक कमी पडतो. तरीही इतकी वर्षे मी ज्याच्या कष्टांचा कैवार घेतला असे समजत होते, त्याच्याकडून चोरलेला माल मी आवडीने भिंतीवर लावला होता. आणि दोन्ही चित्रे त्या दुकानात शेजारी शेजारी ठेवली असती तरी मी हेच चकचकीत उचलले असते. दुकानदाराला दोष देऊन मला मोकळे होता येत नाही.

आमच्या आजोळच्या ओटीवर मळवलीच्या रविवर्मा छापखान्यातली लक्ष्मी होती. दगडावरून एकावर एक रंग चढवत छापलेली ती तसबीर साठ-सत्तर वर्षांनंतरही लखलखत असे आणि दिवेलागणीला तिच्या साडीची गुलाबी कड जिवंत होई. माझ्या डोळ्यांना छापील चित्र म्हणजे काय हे त्या लक्ष्मीने शिकवले. देवीच्या पायांना धूळ नसावी हे योग्यच आहे. माणसाच्या चित्राकडेही मी त्याच अपेक्षेने पाहत आले, हे त्या रात्री ध्यानात आले.

सोल्विन्सविषयी माझे प्रेम मात्र सरळ नाही. त्या सहासष्ट चित्रांची यादी वाचताना मला अवघडल्यासारखे होते. ब्राह्मणापासून आरंभ करून एकेक पायरी उतरत जाणारी ती यादी आहे, आणि प्रत्येक पायरीवर एक माणूस आपली अवजारे घेऊन उभा आहे. त्याच्या पाठीमागे त्याच्या धंद्याचा देखावा आहे. जात हेच त्याचे नाव, धंदा हाच त्याचा चेहरा. एका प्रांतातल्या लोकजीवनाचे इतके पद्धतशीर चित्रण सोल्विन्सच्या आधी कुणी केले नव्हते असे अभ्यासक मानतात, आणि ते मान्य करतानाही मला दिसत राहते की ज्या काळजीने त्याने कुंभाराचे चाक कोरले त्याच काळजीने त्याने कुंभाराला एका क्रमांकावर बसवले. पुढच्या शतकात साहेबांच्या हौसेसाठी देशी चित्रकारांनी जाती आणि धंद्यांचे चित्रसंच जागोजाग काढले, आणि त्या परंपरेच्या मुळाशी सोल्विन्सचे हे काम आहे. तो हुक्काबरदार कोण होता? सोल्विन्सने त्याला उभे केले तेव्हा त्याच्याशी तो काय बोलला? १७९९ मध्ये चित्रांसोबत जी सूची छापली तिच्यात माणसाचे नाव नाही, कामाचे आहे.

याच काळात इकडे पुण्यात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार सवाई माधवरावांच्या दरबारात चित्रे काढत होता. मुंबई बेटाच्या आणि आसपासच्या देखाव्यांची त्याची बारा चित्रे त्याच्या मृत्यूनंतर, १८०० साली, लंडनहून रंगीत एचिंगच्या रूपात निघाली. त्याच्या हाताखाली गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार काम करत होता. वेरूळ आणि कार्ल्याची लेणी त्याने काढली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. पेशवे दरबारातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या संग्रहातून त्याची चित्रे पुढे अमेरिकेत गेली आणि नावासकट टिकली. तांबट आळीतून पत्र्याची सुरनळी काखेत घेऊन मी परत येत असे तेव्हा मला हे काही माहीत नव्हते. आता त्या आळीतून जाताना गंगाराम तांबट हे नाव आपसूक ओठांवर येते, आणि लगेच त्या दुसऱ्या, नाव नसलेल्या माणसाची आठवण होते. एका कागदावर कुणीतरी चार अक्षरे लिहिण्याचे कष्ट घेतले आणि दुसऱ्यावर घेतले नाहीत, एवढाच काय तो फरक.

सोल्विन्सचा हात सगळ्यात मोकळा होतो तो होड्यांच्या चित्रांत. बजरा, पानसी, डिंगी, पटेला, मोराच्या तोंडाची मयूरपंखी अशा गंगेवरच्या नावांची ती मालिका पाहताना अँटवर्पच्या धक्क्यावर वाढलेला मुलगा पुन्हा भेटतो. शीड कुठे बांधले आहे, सुकाणूचे वल्हे किती लांब आहे, नावाडी कुठे उभा राहतो, हे त्याला कुणाला विचारावे लागले नसेल. इथे जातीची उतरंड नाही. पाणी, लाकूड आणि वारा एवढेच आहे, आणि काळवंडलेले ढगाळ रंग इथे तर चपखल बसतात, कारण पावसाळ्यातली नदी त्याच रंगाची असते. वाद्यांच्या चित्रांतही मला तो असाच भेटतो. सतार, सारंगी, पखवाज ही नुसती मांडून ठेवलेली नाहीत. ती कुणाच्या तरी मांडीवर, खांद्यावर, छातीशी आहेत. वाद्य कसे धरले आहे, बोटे कुठे पडतात, हे त्याने पाहिले आहे, म्हणून सतारीचा इतिहास शोधणारे आजही त्याच्या या चित्रांपाशी येतात. माणसाचे नाव त्याने विचारले नाही, पण त्याच्या हाताची ठेवण चुकू दिली नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात ते मला उलगडत नाही, आणि म्हणूनच मी त्याच्याकडे परत परत जाते.

कलकत्त्यातल्या अपयशानंतर १८०३ मध्ये तो युरोपला परतला आणि पॅरिसमध्ये पुन्हा तेच काम हाती घेतले. सगळे पत्रे नव्याने कोरले, फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन भाषांत मजकूर लिहिला, आणि १८०८ ते १८१२ या काळात चार जाडजूड खंडांत दोनशे अठ्ठ्याऐंशी चित्रे प्रसिद्ध केली. ही आवृत्ती देखणी आहे. छपाई उत्तम, रंग अधिक निवळ. तीही चालली नाही. नेपोलियनच्या युद्धांनी युरोप होरपळत होता आणि पुस्तक अतिशय महाग होते. त्याच्या पत्नीचा पैसाही त्या खंडांत गेला. माणूस एकदा बुडाला तर समजू शकते. त्याच कामात आयुष्याची पुढची दहा वर्षे पुन्हा घालावीत, तीच माणसे पुन्हा एकदा सुईने कोरावीत, याला मी काय म्हणावे? आम्ही कॉलेजात एक पत्रा बिघडला तरी आठवडाभर रुसून बसत असू. अखेर नेदरलँड्सचे राज्य उभे राहिल्यावर तो अँटवर्पला परतला आणि राजाने त्याला बंदराचा कप्तान नेमले. १८२४ मध्ये त्याच गावात तो वारला. शेवटची दहा वर्षे त्याने धक्क्यावर येणारी-जाणारी गलबते पाहण्यात घालवली असतील, आणि त्या वेळी पानसी आणि मयूरपंखी त्याच्या डोळ्यांपुढे येत असतील असे मला वाटते.

दिवाळी झाल्यावर मी १७९९ च्या हुक्काबरदाराची चांगल्या जाड कागदावर प्रत काढून घेतली. आणली त्या दिवशी ती टेबलावर भिंतीला टेकवून ठेवली आणि समोर खुर्चीत बसून बघत राहिले. मावशी केर काढत आत आल्या. मी मुद्दाम काही बोलले नाही. झाडू हातात तसाच धरून त्या पुढे आल्या, आधी लांबून आणि मग वाकून त्यांनी चित्र पाहिले.

"ह्यो तोच न्हवं?"

मी म्हटले, तोच. आधीची नक्कल होती, ही मूळ चित्राची प्रत.

त्यांनी पदराने हात पुसला, पण कागदाला बोट लावले नाही. बराच वेळ त्या पायांकडेच पाहत होत्या. मग सावकाश म्हणाल्या, "ह्यो खरा. लई वेळ उभा हाय ह्यो. बस म्हना की कुनीतरी त्याला."

मी खुर्चीतून उठले आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "नगं, भांडी ऱ्हायल्यात," असे म्हणून त्या केर भरायला खाली वाकल्या, सुपली घेऊन आत गेल्या, आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येऊ लागला. जुनी तसबीर अजून भिंतीवरच आहे. नवे चित्र टेबलावर टेकवलेले आहे, आणि संध्याकाळी दिवा लावण्याआधी खोलीत जो करडा उजेड असतो त्यात ते जवळजवळ दिसेनासे होते.